माहेरी आलेले शब्द

दिवाळीच्या रात्री रिकाम्या बाटलीत बाण उभा करावा, वात पेटवावी, आणि तो सूं करीत वर गेला की अंगणातल्या सगळ्या मंडळींनी माना वर करून पाहत राहावे, हा आपल्याकडे घरोघरचा प्रकार आहे. आपण त्याला बाण म्हणतो; थोडे शहरी झालो की रॉकेट म्हणतो. आपला शब्द रणांगणातला. त्यात धनुष्याची आठवण आहे. परंतु इंग्रजांचे ‘रॉकेट’ मुळात कोठून आले हे पाहू गेल्यास मोठी मौज दिसते. सूत कातताना लोकर गुंडाळून धरण्यासाठी पूर्वी जी काठी वापरीत, तिच्या इटालियन नावाचे हे लडिवाळ, लहान रूप आहे. फ्रेंच माणूस त्याच वस्तूला ‘फ्युझे’ म्हणतो, आणि त्याचे मूळ सापडते ते लॅटिनमधील चातीच्या नावात. म्हणजे शोभेच्या दारूची ती लांबट नळी पाहून एकाला कातणारणीची काठी आठवली, तर दुसऱ्याला तिची चाती. चंद्रापर्यंत माणूस नेणाऱ्या अग्निबाणाचे नाव दोन्ही भाषांनी आजीच्या मांडीजवळच्या सामानातून उचलले आहे.

आता फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती इंग्रजी खगोलशास्त्राची आणि अवकाशविद्येची जी शब्दसूची पडते, तीत हे काहीही नसते. डाव्या रकान्यात ‘रॉकेट’, उजव्या रकान्यात ‘फ्युझे’. मध्ये एक उभी रेघ. संपले. असल्या दोन रकान्यांच्या शब्दसूचींचा परामर्श या लेखात घ्यावयाचा आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाच्या दिवाळी अंकात शब्दसूचीवर टीकालेख कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर साधे आहे. सूची हाही एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि कादंबरीपेक्षा तो अधिक लोकांच्या वाट्याला येतो. कादंबरी न वाचता माणूस म्हातारा होऊ शकतो. शब्द पाठ केल्यावाचून कोणाचीही शाळा सुटत नाही. मी पेशाने मास्तर आहे. सूच्या पाठ करवून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि शब्दाच्या पोटात काय दडले आहे हे चाचपून पाहण्याची खोड मला तिथून लागली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. फ्रेंच मी वाचतो ते कोश शेजारी ठेवून. तेव्हा पंडिताचा आव न आणता, एका मास्तराने दुसऱ्या देशातील मास्तरांच्या वहीवर नजर टाकावी, इतक्याच हेतूने हे लिहीत आहे.

या सूच्यांची गरज खोटी नाही. फ्रान्समधल्या तुलूझ शहरी विमाने बांधली जातात. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानात कुरू येथून ‘आरियान’ जातीची प्रक्षेपक याने उडतात; पहिले उडाले ते २४ डिसेंबर १९७९ रोजी. भारताचा ‘अॅपल’ हा प्रायोगिक दूरसंचार उपग्रह १९ जून १९८१ रोजी तिथूनच आरियानच्या पाठीवर बसून गेला. आपल्या अवकाशयानांतले ‘विकास’ एंजिन हेही फ्रेंचांच्या ‘व्हायकिंग’ एंजिनावरून घडविलेले. इतके सामर्थ्य असलेल्या या लोकांनाही संशोधनाचा निबंध आज इंग्रजीत लिहावा लागतो, आणि परदेशच्या वैमानिकाशी इंग्रजीत बोलावे लागते. ब्रसेल्सचा, माँट्रिऑलचा किंवा डाकारचा फ्रेंच-भाषिक विद्यार्थी घ्या; आकाशाकडे जावयाचे तर त्याला इंग्रजीच्या दारातून जावे लागते. म्हणून तो सूची उघडतो.

सूची उघडताच त्याला हायसे वाटते, कारण अर्धे शब्द त्याच्या ओळखीचे असतात. आणि ओळखीचे का असू नयेत? ते त्याच्याच घरातून गेलेले आहेत. विमानाच्या धडाला इंग्रज ‘फ्यूजलाज’ म्हणतो. तो शब्द फ्रेंच, आणि अर्थ ‘चातीच्या आकाराचे’. पुन्हा तीच चाती! पंखाच्या कडेला हलणारी जी पट्टी असते ती ‘एलरॉन’, म्हणजे फ्रेंचात चिमुकला पंख. पंखाखाली एंजिन ज्या कवचात बसते ते ‘नॅसेल’, म्हणजे लहानशी होडी. शेपटीच्या भागाला ‘एंपेनेज’ म्हणतात. बाणाच्या बुडाला पिसे लावण्याची जी क्रिया, तिच्यावरून हे नाव पडले. विमान ठेवण्याचे ‘हँगर’ हा तर साधा फ्रेंच शेतकऱ्याचा आडोशाचा मांडव. ‘एव्हिएशन’ हा शब्द १८६३ मध्ये गाब्रिएल द ला लांदेल याने घडविला. हा गृहस्थ नौदलातला आणि समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहिणारा. ‘अॅस्ट्रॉनॉटिक्स’ हा शब्द १९२७ मध्ये फ्रेंच रूपात प्रथम सुचविला तो रोनी या ब्रसेल्सला जन्मलेल्या लेखकाने, तोही कादंबरीकारच. विमाने नीट उडू लागण्याच्या आधी एकाने आणि अग्निबाण अवकाशात पोचण्याच्या आधी दुसऱ्याने, अशा दोन कादंबरीकारांनी दोन विद्यांची बारशी उरकून ठेवली, हे आमच्या जातीच्या माणसांनी अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

एवढेच काय, संकटात सापडलेला वैमानिक तीनदा ‘मेडे, मेडे, मेडे’ असा जो धावा करतो, तोही फ्रेंचच आहे. ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो इंग्रजी उच्चार. १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो योजिला. कारण त्या काळी तिथली पुष्कळशी विमाने पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाकडे जात-येत, आणि दोन्ही तीरांवरच्या कानांना तो कळणे जरूर होते.

तेव्हा फ्रेंच विद्यार्थ्यापुढचे हे शब्द परके नव्हेत. त्या सासरी गेलेल्या लेकी आहेत. आणि येथेच सूचीचा पहिला दोष दिसतो. लेक पुष्कळ वर्षांनी माहेरी आली, म्हणजे तिचे बोलणे बदललेले असते, पदर घेण्याची तऱ्हा बदललेली असते, आवडीनिवडी बदललेल्या असतात. आई मात्र तिला जुनीच समजून वागवू जाते, आणि मग घरात रुसवेफुगवे होतात. परक्या पाहुण्याशी आपण जपून वागतो. घोटाळा होतो तो घरच्या माणसाशी. अनोळखी शब्द विद्यार्थ्याला फसवीत नाही, त्याला तो फक्त अडवितो. फसवितो तो ओळखीचा शब्द.

उदाहरणे पाहा. बहुमजली अग्निबाणाच्या एकेका भागाला इंग्रज ‘स्टेज’ म्हणतो. हा शब्द जुन्या फ्रेंचातून इंग्लंडात गेला. फ्रेंचांच्या घरी राहिलेली त्याची बहीण म्हणजे ‘एताज’, अर्थ इमारतीचा मजला. आणि अग्निबाणाच्या भागालाही ते ‘एताज’च म्हणतात. परंतु अगदी ‘स्टेज’सारखाच लिहिला जाणारा ‘स्ताज’ म्हणूनही एक शब्द आजच्या फ्रेंचात आहे. त्याचा अर्थ उमेदवारी, एखाद्या कचेरीत शिकाऊ म्हणून काढलेले दिवस. इंग्रजी पुस्तकात ‘पहिली स्टेज गळून पडली’ असे वाचून फ्रेंच पोराच्या डोळ्यांपुढे पहिल्या नोकरीतून हाकललेला उमेदवार उभा राहिला, तर त्याला हसण्यात अर्थ नाही.

तसेच ‘एंजिन’चे. फ्रेंचात हुबेहूब त्याचा जुळा भाऊ आहे. पण त्याचा अर्थ कोणतेही यंत्र, साधन, वाहन, प्रसंगी क्षेपणास्त्रसुद्धा. आपण ज्याला एंजिन म्हणतो त्याला फ्रेंच ‘मोतर’ म्हणतात. म्हणून फ्रेंचात ज्याला ‘अवकाशातले एंजिन’ म्हटले, ते सबंध अवकाशयान निघते. ‘स्पेशियल’ हे विशेषण फ्रेंचात अंतराळाला लागते, इंग्रजीत ते लांबी-रुंदीच्या, जागेच्या विचाराला लागते. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक फ्रेंचात जे नाव सांगतो ते इंग्रजाच्या कानावर पडले, की तो आपली नाडी पुढे करील. कारण त्याच्या भाषेत त्याच घराण्यातला शब्द डॉक्टरला मिळाला आहे. आणि उड्डाणाला फ्रेंच म्हणतात ‘व्होल’. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ चोरी. हा शब्द इंग्रजीत गेला नाही हे एक बरेच झाले.

काही ठिकाणी तर सूची धडधडीत अर्धसत्य सांगते. ‘टेलिस्कोप म्हणजे तेलेस्कोप’ असे ती लिहिते. परंतु फ्रेंच माणूस दुर्बिणीत भेद करतो. आरशाची असेल तर तेलेस्कोप. भिंगांची असेल तर ‘ल्युनेत’. ल्युनेत म्हणजे चिमुकला चंद्र. वाटोळ्या काचेला दिलेले ते नाव, आणि चष्म्यालाही त्याच शब्दाचे अनेकवचन. गॅलिलिओने १६१० च्या सुमारास ज्या नळीतून गुरूचे चंद्र पाहिले, ती फ्रेंचांच्या लेखी ल्युनेतच. चिमुकल्या चंद्रातून दूरचे चंद्र पाहिले! इंग्रजी रकान्यात जाताना हा भेद गळून पडतो, आणि उलट येताना विद्यार्थी तो कोठून आणणार?

सप्तर्षींची कथा अशीच. सूची म्हणते, अमेरिकनांचे ‘बिग डिपर’ म्हणजे फ्रेंचांचे ‘मोठे अस्वल’. वास्तविक अस्वल हा सगळा तारकासमूह झाला. त्यातले ठळक सात तारे तेवढे डिपर, म्हणजे ओगराळे. इंग्लंडात त्याच सात ताऱ्यांना नांगर म्हणतात. फ्रेंच आजी नातवाला ते तारे दाखविते तेव्हा म्हणते ‘मोठी कढई’, दांड्याची. म्हणजे एकाच्या आकाशात शेत आहे आणि दोघांच्या आकाशात स्वयंपाकघर आहे. आपल्या आकाशात मात्र तिथे सात ऋषी बसले आहेत. सूचीकर्त्याने अस्वल लिहिले, कारण ते पुस्तकात होते. कढई त्याने वगळली, कारण ती घरात होती.

‘स्पेस शटल’चेही तेच. १२ एप्रिल १९८१ ते जुलै २०११ या अवधीत अमेरिकेची ही याने १३५ वेळा उडाली. शटल म्हणजे विणकराचा धोटा; मागावर इकडून तिकडे, तिकडून इकडे जाणारा. फ्रेंचांनी त्याला ‘नावेत’ म्हटले. तोही धोटाच, होडीच्या आकारावरून नाव पडलेला. येथे दोन्ही रकाने खरोखरच जुळले, आणि जुळले ते मागावर. आपण ‘अंतराळयान’ म्हणून मोकळे झालो. अर्थ आला, जाणे-येणे राहून गेले. इचलकरंजीच्या नि सोलापूरच्या पोराला धोटा समजावून सांगावा लागला नसता.

आतापर्यंतच्या चुका हसण्यावारी नेता येतील. पुढच्या तशा नाहीत.

इंग्रजीत ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस, सरतेशेवटी. फ्रेंचात त्याच घराण्यातला शब्द म्हणजे कदाचित, तशी वेळ आलीच तर. आता इंग्रजी पुस्तकात वाक्य येते, की सूर्यातले इंधन इव्हेंच्युअली संपेल. पुस्तक निश्चिती सांगते आहे. फ्रेंच विद्यार्थी शक्यता वाचतो आहे. सूर्याचे मरण ‘ठरलेले’ की ‘जमल्यास’, एवढा फरक एका क्रियाविशेषणात पडला. सूचीत नामे असतात, क्रियाविशेषणे बहुधा नसतातच. सूचीकर्त्याला ती शास्त्रीय वाटत नाहीत.

संख्यांची गोष्ट तर अधिक बिकट. इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे एकावर नऊ शून्ये, आपला अब्ज. फ्रेंच ‘बिलियों’ म्हणजे एकावर बारा शून्ये. आपल्या अब्जाला फ्रेंचात ‘मिल्यार’ म्हणतात. गंमत अशी, की नऊ शून्यांचा हिशेब एके काळी फ्रान्समध्येही रूढ होता आणि अमेरिकेने तो तिथूनच उचलला. पुढे १९६१ मध्ये फ्रान्सने कायद्याने बारा शून्ये ठरविली, तर ब्रिटनने १९७४ मध्ये सरकारी कामकाजात नऊ शून्ये पत्करली. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे. इंग्रजी आकडा पाहून फ्रेंच पोराने ‘बिलियों’ लिहिले, तर विश्व एका क्षणात हजारपट म्हातारे झाले. त्यातच फ्रेंच लोक दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. सूर्य १४९.६ दशलक्ष किलोमीटरवर आहे असे आपण लिहू. तिथे टिंबाऐवजी स्वल्पविराम पडेल, आणि इंग्रजीत स्वल्पविराम हजारांची फोड दाखवितो. शब्द चुकला तर वाक्य बिघडते. शून्य चुकले तर यान चुकते.

वाक्यरचनेचीही एक अडचण आहे, आणि तीत आपण मराठी माणसे थोडी भाग्यवान आहोत. ‘सॅटेलाइट लाँच व्हेइकल’ यासारखी नामांची माळ इंग्रजी भाषा सहज ओवते. आपण ‘उपग्रह प्रक्षेपण यान’ म्हणतो. मणी त्याच क्रमाने येतात. फ्रेंचाला मात्र माळ उलटी करावी लागते, ‘यान, प्रक्षेपणाचे, उपग्रहांच्या’. म्हणून त्यांची आद्याक्षरेही उलटी. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक इंग्रजीत ‘आय-एस-एस’, फ्रेंचात ‘एस-एस-ई’. अशा चार-पाच नामांची माळ आली की कोणता मणी मुख्य, हे फ्रेंच विद्यार्थ्याला शेवटापासून चाचपावे लागते. एकेक सुटा शब्द देणारी सूची या कामी त्याला काडीचीही मदत करीत नाही.

हे सारे परीक्षेपुरतेच असते, तर मी दिवाळीच्या फराळाच्या वेळी वाचकांना त्रास दिला नसता. पण २५ मे २००० ची पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरील रात्र आठवावी. एका मोठ्या विमानाला उड्डाणाची परवानगी नियंत्रकाने फ्रेंचात दिली, कारण वैमानिक फ्रेंच होते. त्याच धावपट्टीवर येण्याची परवानगी एका लहान मालवाहू विमानाला इंग्रजीत दिली, कारण त्याचे वैमानिक ब्रिटिश होते. लहान विमान मोठ्याच्या मागून येईल असा नियंत्रकाचा समज होता. प्रत्यक्षात ते पुढच्या वाटेने पट्टीवर आले. मोठ्याचा पंख त्याच्या वैमानिक-कक्षाला चाटून गेला आणि सहवैमानिक प्राणास मुकला. चौकशीत जी कारणे निघाली, त्यांत दोन भाषांचा वापर हेही एक होते. समोर दुसरे विमान उड्डाणास निघाले आहे, हे ब्रिटिश वैमानिकांना कळलेच नव्हते. एकाच पट्टीवर दोन भाषा होत्या, आणि मध्ये ती उभी रेघ होती.

यावर फ्रेंचांचा एक उपाय असा, की आपलेच शब्द घडवावेत. अमेरिकेचा तो अॅस्ट्रॉनॉट, म्हणजे ताऱ्यांचा नाविक. रशियाचा तो कॉस्मोनॉट, विश्वाचा नाविक. जाँ-लू क्रेतियाँ हा पहिला फ्रेंच माणूस जून १९८२ मध्ये सोव्हिएत यानातून वर गेला, त्या सुमारास फ्रेंचांनी ‘स्पास्योनोत’ म्हणजे अवकाशाचा नाविक हे नाव पुढे केले. नाविक तिघांचा तोच, समुद्र तेवढा प्रत्येकाने आपला घेतला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अंतराळवीर’ म्हटले, आणि आता ‘गगनयान’च्या निमित्ताने ‘गगनयात्री’ हा शब्द आला आहे. आपल्याला नाविक सुचला नाही. आधी वीर सुचला, मग यात्रेकरू. यातला कोणता शब्द सरस हे ज्याने-त्याने ठरवावे. मला स्वतःला यात्रेकरू आवडतो, कारण तो परत घरी येतो.

चंद्रावर उतरण्यासाठीही फ्रेंचात ‘आल्युनीर’ असे निराळे क्रियापद घडले, कारण त्यांच्या नेहमीच्या ‘उतरणे’ या क्रियापदात ‘तेर’ म्हणजे भूमी बसली आहे. मग मंगळासाठी आणखी एक लागणार, शुक्रासाठी आणखी एक. आपले ‘उतरणे’ मात्र गच्चीवरून, घोड्यावरून आणि यानातून सारखेच चालते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान उतरले, तेव्हा कोणालाही नवे क्रियापद शोधावे लागले नाही. शब्द घडविण्याला माझा विरोध नाही. पण नवा शब्द घडविण्यापूर्वी घरातला जुना पुरतो का, हे पाहावे.

आता या विषयातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधले धर्मगुरू आणि लूव्हाँचे प्राध्यापक. विश्व प्रसरण पावत आहे, दूरच्या दीर्घिका आपल्यापासून अंतराच्या प्रमाणात पळत आहेत, असे त्यांनी १९२७ मध्ये आपल्या फ्रेंच निबंधात मांडले आणि त्या प्रसरणाचा वेगही काढून दाखविला. निबंध ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात आला. इंग्रजी वाचणाऱ्या जगाने तो जवळजवळ पाहिलाच नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन हबल यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि नियमाला हबलचे नाव पडले. १९३१ मध्ये लमेत्रांचा निबंध लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत इंग्रजीत आला. पण वेग काढून दाखविणारा तो मजकूर त्यात नव्हता. कोणी गाळला, यावर पुढे पुष्कळ तर्क झाले. २०११ मध्ये मारिओ लिव्हिओ यांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळून दाखविले, की भाषांतर लमेत्रांनीच केले होते, आणि गाळणारेही तेच.

संपादकांना धाडलेल्या त्या पत्रात लमेत्र इंग्रजीत लिहितात, की या चर्चेत आता ‘अॅक्चुअल’ असे काही स्वारस्य नाही. मास्तराची नजर या शब्दावर अडते. इंग्रजीत ‘अॅक्चुअल’ म्हणजे खरेखुरे. फ्रेंचात त्याचा भाऊबंद ‘आक्त्युएल’, म्हणजे आजचे, सध्याचे. लमेत्रांच्या लेखणीत इंग्रजी शब्द होता, मनात फ्रेंच होता, असे मला वाटते. हबलची नवी, अधिक चांगली निरीक्षणे हाती आली आहेत, तेव्हा माझे जुने आकडे आज शिळे झाले, एवढेच त्या विनयशील माणसाला म्हणावयाचे असावे. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते ‘यात खरा काही अर्थ नाही’ असे वाटेल. ज्या ओळींनी त्यांचे नाव नियमाला लागले असते, त्या ओळी गाळल्या गेल्या. आणि गाळण्याचे कारण सांगणारे वाक्यही माहेरच्या शब्दाने गढूळ केले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मतदान घेऊन त्या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे अशी शिफारस केली. लमेत्र १९६६ मध्येच वारले होते.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या कल्पनेला त्यांनी स्वतः ‘आदिम अणू’ असे नाव दिले होते. जगाच्या तोंडी बसले ते ‘बिग बँग’. हे नाव १९४९ मध्ये रेडिओवरच्या व्याख्यानात फ्रेड हॉएल यांनी वापरले. हॉएल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजचे गुरू, आणि त्या कल्पनेचे कट्टर विरोधक. आज फ्रेंच मुले आपल्याच भाषेतील माणसाची कल्पना विरोधकाने दिलेल्या इंग्रजी नावाने शिकतात. सूचीत दोन्ही रकान्यांत ‘बिग बँग’च असते.

मग सूच्या टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. सूचीवाचून शिकणे म्हणजे पायरीवाचून माडी चढणे. माझे म्हणणे इतकेच, की तिला तिसरा रकाना हवा. तो अरुंद असला तरी चालेल. त्यात शब्दाचे कूळ लिहावे, तो कोठे फसवितो ते लिहावे, आणि शक्य असेल तिथे आजी त्याला काय म्हणते तेही लिहावे. असा रकाना भरावयाचा तर मास्तरांना आधी स्वतः शब्द उलटून पाहावे लागतील, आणि सूची लिहिणे आजच्याइतके सोपे राहणार नाही. पण ते सोपे असावे असे कोणी सांगितले आहे?

आपल्याही शाळांत ‘ग्रह म्हणजे प्लॅनेट’ असे आपण मुलांकडून घोकून घेतो. घरी पंचांगात त्याच ‘ग्रह’ शब्दाखाली रवी आणि चंद्र आहेत, राहू आणि केतूही आहेत. ‘नक्षत्र’ म्हणजे तारकासमूह असे आपण शिकवितो. पण चंद्राच्या वाटेवरच्या सत्तावीस नक्षत्रांचा हिशेब त्या इंग्रजी शब्दात कोठे आहे? मूल गोंधळून विचारते, तेव्हा आपण म्हणतो, परीक्षेत पहिले लिही. या सुट्टीत मुलांची वही चाळण्याचा योग आला, तर अशा एखाद्या शब्दापुढे पेन्सिलीने तिसरी रेघ मारावी, आणि मूल काय विचारते ते तिथे लिहून ठेवावे.